शहागडच्या पुलावर गोठलेली कुपी

मी आजवर बोललेलं खोटं पोत्यांत भरलं, तर त्याची थप्पी जुन्या जालन्यातल्या कुठल्याच अडतीत मावणार नाही. पण माझा जीव खोट्यानं कधी घेतला नाही. एकदाच घुसमटलो, तेही गप्प बसून.

बीटी कापूस नवानवा आल्ता तेव्हाची गोष्ट. जालन्यातल्या एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत मी मदतनीस होतो. काम, बोंडअळ्या पाळायचं. माझ्या बापजाद्यांनी जन्मभर ज्या मारल्या, त्यांना मी पगार घेऊन हरभऱ्याच्या पिठाचा खुराक चारत होतो. आमच्या अळ्या इतक्या माजल्या होत्या, की मी खोलीत शिरलो की डोकं वर करून बघायच्या. निदान मी तरी घरी असंच सांगायचो.

आमच्या मॅडम पीएचडी करत होत्या. अळीच्या आतड्यात, पेशीच्या पडद्यात एक प्रथिन आरपार रोवलेलं असतं. भिंतीच्या दोन्ही अंगांनी निघालेल्या खुंटीसारखं. बीटीचं विष त्या खुंटीला धरतं अन् अळी मरते. आपल्या भागातल्या अळ्यांत ती खुंटी आहे का, हे मॅडमना दाखवायचं होतं. ती ओळखायला लागतं एक प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, अन् तेही मोनोक्लोनल. एकाच पेशीच्या वंशातलं, त्यामुळे सगळे रेणू जुळे भाऊ अन् सगळ्यांची नजर त्या एकाच खुंटीवर. हैदराबादच्या एका संशोधकानं ते द्यायचं कबूल केलं. सगळं मिळून करंगळीच्या पेराएवढी कुपी. सहा आठवड्यांत निकाल दाखवला नाही, तर मॅडमची नोंदणी रद्द होणार होती.

कुपी सोलापूरपर्यंत कुणाबरोबर तरी आली, तिथून ती मी जीपनं आणायची होती. निघताना मॅडमनी दोनदा बजावलं, "दादा, थंड ठेवायचं. पण गोठू द्यायचं नाही."

मे महिना होता. मे महिन्यात आमच्या जिल्ह्यात "गोठू देऊ नका" असं कुणी म्हटलं, तर माणूस हसतो. मी फक्त पहिलं वाक्य घेऊन निघालो.

शहागडच्या पुलावर एक ट्रक आडवा झाला होता. पुढं ट्रक, मागं ट्रक, दोन्ही अंगांना कठडा. जीपचं दार उघडायला जागा न्हाई. चार तास आम्ही तसेच. पत्रा एवढा तापला, की टपावर भाकरी टाकली असती तर फुगली असती. थर्माकोलच्या डब्यातला बर्फ गळून राह्यला होता, अन् त्याच्याबरोबर माझं काळीजही.

शेवटी खिडकीतून ओरडून ओरडून एका कुल्फीवाल्याला बोलावलं. त्यानं बर्फ दिला, वर मूठभर जाडं मीठ.

"मीठ टाका भाऊ. जालन्यापर्यंत बिलकुल हलणार न्हाई."

"औषध हाय बाबा, कुल्फी न्हाई," मी म्हणालो.

"औषधाला काय ऊन लागत न्हाई का?"

आमचा ड्रायव्हर म्हणाला, "टाका की! मॅडमचं औषध उकळू राह्यलंय, अन् तुम्ही इचार करू राह्यले."

टाकलं. सगळंच्या सगळं.

जालन्यात प्रयोगशाळेच्या दारात डबा उघडला, तर कुपीत पांढरा खडा. मुठीत धरला, वितळला. पाणी किंचित गढूळ वाटलं. मी कुपी तशीच मॅडमच्या हातात दिली. मंग सगळे जमले तसं सांगितलं, की डबा डोक्यावर घेऊन मी गोदावरी पोहून आलो. मे महिन्यात शहागडच्या पात्रात म्हैस बसली तर तिचं पोट भिजत न्हाई, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी टाळ्या पडल्या.

पहिल्या चाचणीत पट्टी कोरी आली. प्रतिपिंड खुंटीला धरतं तिथं रेघ उमटायला पाहिजे. ज्या अळ्यांत खुंटी नक्की होती, त्यांच्यासमोरही काही नाही. मॅडमना वाटलं, आपलाच हात चुकला. पुन्हा केलं. पुन्हा कोरी. त्या पुन्हा अळ्या मागायच्या, मी पुन्हा आतडी काढून द्यायचो. अळ्यांच्या त्या खोलीला खिडकी नव्हती. एकेका कुपीत एकेक अळी, कारण दोघी एकत्र ठेवल्या की एक दुसरीला खाते. मी त्या ओलसर गरमीत बसायचो, अन् बाहेर मॅडम थेंब थेंब ते गोठून मेलेलं प्रतिपिंड खर्च करायच्या. सांगावं तर नोकरी जाईल. न सांगावं तर त्यांचे सहा आठवडे वाया. अडीच आठवडे मी शहागडच्या पुलावरच होतो.

एका दुपारी त्या स्वतःचेच हात निरखत बसलेल्या दिसल्या.

"मॅडम, ती कुपी गोठल्ती."

"दादा, तुम्ही तर नदी पोहून आलात."

"नदी खोटी हाय. बर्फ खरा हाय. मीठ टाकलं होतं."

त्या दमल्यासारखं हसल्या. "माझं मन राखायला कशाला आळ घेता अंगावर?"

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो, तर हे! मी कँटीनमधून बर्फ आणला, मीठ आणलं, साध्या पाण्याची कुपी त्यात रोवली अन् त्यांचाच तापमापक लावला. पारा शून्याच्या खाली गेला. थोड्या वेळानं मी कुपी उलटी केली. पाणी हललं नाही.

मॅडमनी कुपी हातात घेऊन स्वतः उलटी करून पाहिली. मंग हैदराबादला फोन लावला. तिथल्या संशोधकाकडं अर्धीच कुपी उरली होती, अन् आणायला पुन्हा मलाच पाठवलं. सोबत तापमापक अन् वही दिली.

"दर अर्ध्या तासाला आकडा लिहायचा. फक्त आकडा, दादा. बाकी एक शब्द नको."

सोलापूर ते जालना मी वहीत पाच, सहा, पाच, चार लिहीत आलो. शहागडला कुल्फीवाल्यानं हात केला. त्याच्यावर लिहायला माझ्याजवळ दहा पानांचा मजकूर होता. मी लिहिलं, पाच.

चौथ्या दिवशी पट्टीवर रेघ आली. खात्रीच्या अळ्यांसमोर ठळक, आपल्या शेतांतल्या अळ्यांसमोर जरा फिकट, पण आली. मॅडमनी पट्टी उजेडात धरली अन् कितीतरी वेळ खाली ठेवलीच नाही.

दुपारी जेवणाचे डबे उघडले तसं सगळ्यांनी मला घेरलं. "सांगा, या खेपेला कशी आणली?"

"जीपनं," मी म्हणालो.

एकाचाही विश्वास बसला नाही.