आतड्याचे कान

मुलांनो, तुमचे आजोबा जाऊन पाच आठवडे झाले. तुम्हाला फोनवर कळलं. मी भाचीकडून, मालेगावहून परतत होते... आमच्या ओट्यावर शेजारपाजारचे उभे होते आणि कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं. तेवढ्यावरून मी समजले.

तुम्ही पाहिलेत ते थकलेले, निवृत्त मास्तर. मी सांगते ते सत्तरच्या दशकातलं. वाशीमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतःचं जाळं असतं, त्याचं त्यांना वेड होतं. एक पेशी रसायन सोडते, म्हणजे हाक मारते. दुसरीच्या अंगावरचे ग्राहक, म्हणजे तिचे कान, ती हाक ऐकतात. "पन हे कान अंगभर हायेत, का शेजारीण पेशी टेकते तेवढ्याच जागी?" मी भाजी निवडत असले की ते विचारत.

"मले काय विचारता? मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाली."

"म्हनूनच विचारतो. शास्त्रवाले लगेच उत्तर देतात."

बकऱ्याच्या आतड्याची ताजी पट्टी ते कोमट क्षारपाण्यात टांगत. रसायनाचा थेंब पडला की ती आखडे आणि तिला बांधलेल्या काडीनं काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर पांढरी रेघ वर चढे. कान आहेत, एवढं त्यातून कळे. कुठे आहेत, ते नाही. त्यासाठी नागपूरची मोठी प्रयोगशाळा हवी होती. तिथले एक प्राध्यापक हा प्रयोग बघायला येणार होते. पसंत पडला तर तिथली एकुलती एक जागा यांना मिळणार होती.

एरवी खाटकाकडून ते थेट कॉलेजात जात. त्या सकाळी प्राध्यापकांची एसटी लवकर येणार होती, म्हणून आणलेली बरणी स्वयंपाकघरात ठेवून ते त्यांना घ्यायला स्टँडवर धावले. मी पाहिलं तर बरणीत न धुतलेलं आतडं, आणि घरी पाहुणा यायचा. मी ते उलटं केलं, मीठ-हळद लावून चोळलं, वरून उकळतं पाणी ओतलं...

दोघं आले तेव्हा ते पांढरं पडलं होतं, आता कुठल्याच थेंबानं आखडणार नव्हतं.

"धुतलं कोनं?"

"मी. पावन्यासाठी आनलं ना तुमी?"

त्यांनी परातीतला एक तुकडा बोटानं दाबून पाहिला. म्हणाले, "बरं केलं. आता शिजव."

दुसरं बकरं थेट उद्या कापलं जाणार होतं, आणि प्राध्यापकांची परतीची गाडी तीनची. त्यांनी दोनदा रस्सा मागून घेतला. जागा दुसऱ्या कुणाला गेली.

यावरून ते मला कधी बोलले नाहीत. वीसेक वर्षांनी मीच विचारलं, "तुमाले जायचं होतं ना?"

"होतं." ताट पुढे सरकवून म्हणाले, "लय होतं. वाढ भाकर."

मुक्ता, आता ते कान रंगवून दाखवता येतात म्हणालीस, आणि तुझ्या प्रयोगशाळेतलं चित्र पाठवलंस. ते टपालानं आलं तेव्हा त्यांना जाऊन आठ दिवस झाले होते. हिरवे ठिपके, कुठे विरळ, कुठे गर्दी केलेले. मी भिंग घेऊन बघते. मला ते वाचता येत नाही, आणि ज्यांना आलं असतं...

जेवण झालं की ते पोटावर तळहात ठेवून पाच मिनिटं बसत. "आतले बोलून राह्यले. ऐकू दे." तोवर मी त्यांचं ताट उचलून घासायलाही घेतलेलं असे. आता एकटीच जेवते आणि ताट तसंच पुढ्यात ठेवून बसते... वाळेपर्यंत.