शिष्यवृत्तीची एकच अट

देव काही माणसांना हात देतो आणि काही हातांना माणूस देतो. कटरमास्तर या दुसऱ्या प्रकारात मोडणारे. उभा जन्म त्यांनी कापडावर काढला. गळ्यात टेप, कानामागे खडू, आणि कात्री अशी चालणारी की आपण कापले गेलो हे कापडालाही उशिरा कळावे. पुढे दुकान विकले, गिऱ्हाइके पांगली, पण हातांना निवृत्ती ठाऊक नव्हती. बँकेच्या रांगेत उभे राहिले तर पुढच्या अनोळखी गृहस्थाची कॉलर सरळ करून मोकळे. “बाबा, तुमचे हात बांधून ठेवायला हवेत,” असे लेक म्हणे. मास्तर म्हणत, “बांध. गाठ मात्र नीट मार.”

अशा माणसाच्या बायकोला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचाही निम्मी गेली. शब्द आत तयार असत, पण ओठांशी येऊन अडत. मग काय, मास्तरांच्या प्रेमाला पूरच आला. काकूंना (इस्पितळात सारे त्यांना काकूच म्हणत) तहान लागण्याआधी पेला ओठाशी, कूस वळण्याआधी उशी पाठीशी, आणि त्या एखादा शब्द जुळवू लागल्या की तो आधीच मास्तरांच्या तोंडात. निम्म्या वेळा तो भलताच असे. काकूंना खिडकी उघडायला हवी असे आणि मास्तर त्यांच्या अंगावर चादर ओढत.

व्यवसायोपचाराच्या पदव्युत्तर वर्गात शिकणारी एक मुलगी रोज येऊ लागली. रोजच्या साध्या कामांतून माणूस पुन्हा उभा करण्याची ही विद्या: केस विंचरावेत, डबा उघडावा, कपडा चढवावा, आणि त्या कामांनीच हरवलेली बोटे परत बोलवावीत. तिने काकूंच्या पुढ्यात त्यांचाच गाऊन ठेवला.

“काकू, हे वरचं बटण. घाई नाही.”

एवढे म्हणून ती गप्प बसे. बोटे घसरत, काज सापडे, हरवे, पुन्हा सापडे. इकडे मास्तर असे चुळबुळत, जणू खुर्चीत टाचण्या राहून गेल्या आहेत.

“काका, तुम्ही जरा चहा घेऊन या बाहेरून.”

“आत्ताच घेतला.”

“मग अजून एक घ्या.”

आणि मग मास्तरांनी ती चूक केली, जी शिंप्यावाचून दुसऱ्या कुणाला करताच आली नसती. काकूंचे सारे गाऊन त्यांनी घरी नेले, काजे शिवून बंद केली, बटणे वरून शोभेला टाकली आणि आत दाबताच चिकटणाऱ्या वेल्क्रोच्या पट्ट्या बसवल्या. काम इतके सफाईचे की टाका दिसू नये. दुसऱ्या दिवशी काकूंनी डाव्या तळव्याने दाबून गाऊन झरकन बंद केला. परिचारिका कौतुकाला धावल्या. त्या मुलीने काठावरून बोट फिरवले आणि तिचा चेहरा उतरला.

“काका, मला गाऊन बंद करायचा नव्हता हो. मला काकूंची बोटं हवी होती.”

मास्तरांनी सारे गाऊन पुन्हा घरी नेले. ते उसवायला बसले. पुढे काकूंनी पहिले बटण स्वतःच्या उजव्या हाताने लावले, तेव्हा ते इस्पितळाच्या बोळात भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि मनात म्हणत होते, परमेश्वरा, माझ्या धावण्याने जे अडले ते या पोरीच्या थांबण्याने सुटले.

काकू घरी आल्या. निघताना ती मुलगी बोलता बोलता सांगून गेली की वर्गातले काही जण शिक्षण अर्धवट सोडण्याच्या बेतात आहेत. दिवसभर रुग्णांपाशी राबायचे, त्याचा पगार नाही. फी मात्र भरायचीच. त्या दिवसापासून मास्तरांच्या जिवाला चैन नाही. दुकानाचा पैसा बँकेत झोपला आहे आणि असे हात कॉलेज सोडून निघाले आहेत, हा विचार अंगात कुसळासारखा फिरू लागला. शिष्यवृत्ती द्यायची, ठरले. पण देणार होते मास्तर.

“निवड मी करणार, हात बघून,” ते लेकीला म्हणाले. “दर रविवारी पोरीनं घरी यायचं, आठवडाभर काय शिकली ते सांगायचं. पुढे अर्धांगाच्याच रुग्णांकडे जायचं. आणि पांढरा कोट मी शिवीन.”

“परीक्षेला तरी तिला बसू देणार, की तिथेही तुम्हीच?”

“थट्टा नको.”

“बाबा, शिष्यवृत्ती द्या की नुसती. तिला अस्तर कशाला लावताय?”

कॉलेजात विभागप्रमुख बाईंनी सारे शांतपणे ऐकून घेतले. “निवड समिती करते. देणगीदाराला तिथं बसता येत नाही,” त्या म्हणाल्या. “अटी काढल्यात, तर शुक्रवारच्या बैठकीत मी हे मंजूर करून घेते. नाहीतर पुढचं वर्ष.”

“आणि यंदाची मुलं?”

“फीची मुदत संपत आली आहे. जातील.”

“म्हणजे पैसा माझा, आणि दाराबाहेरही मीच,” असे म्हणून मास्तर उठले आणि चालू लागले.

घरी आले ते बसेनात. बसले की उठावे, उठले की खिडकी गाठावी, खिडकीशी जावे तर दाराने बोलवावे. द्यावे तर हातचे सुटते. न द्यावे तर ती पोरे सुटतात. जेवणात लक्ष नाही, बोलणे धड नाही. प्रभो, देण्याची बुद्धी दिलीस, मग सोडण्याची का हातची राखून ठेवलीस? गुरुवार उजाडला तरी गाठ सुटली नव्हती. तेव्हा काकू काठी घेऊन उभ्या राहिल्या.

“मी... येते.”

“कुठे? डॉक्टरांकडे?”

काकूंनी नाही म्हणून मान हलवली.

“बागेत?”

“को... लेजात.”

विभागप्रमुख बाईंनी आपली खुर्ची काकूंकडे वळवली. काकूंनी श्वास घेतला.

“ती... शिष्य...”

“शिष्यवृत्ती,” मास्तर म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिले. “अहो. मी... बोलते.”

बाईंनी हातातले पेन खाली ठेवले आणि त्या वाट पाहू लागल्या. किती वेळ गेला, देव जाणे. मास्तरांचे डोळे खोलीभर भिरभिरले. खिडकीचा पडदा एका बाजूला चांगला वीतभर आखूड होता. शिवणाऱ्याला काही वाटले कसे नाही? “अट,” असे काकू म्हणाल्या आणि मास्तरांच्या घशात पुढचे वाक्य उसळले. अट काढा, असेच म्हणणार ही. छे, अट राहू द्या म्हणेल. माझी बायको आहे. दोन्ही वाक्ये त्यांनी ओठांआड आवळून धरली.

“अट... एक,” काकू म्हणाल्या. “माझी. कुणाला... मिळाली... ते यांना... कळू नये.”

बाईंनी ओठ दाबले, पण हसू डोळ्यांत आलेच.

“अगं, पण...” मास्तर म्हणाले आणि आपले आपणच थांबले.

“आणि... मी येईन. बुधवारी. माझ्या हातावर... शिकू दे. सगळ्यांना.”

“दर बुधवारी, काकू?”

“सुट्टी सोडून.”

हे मात्र अडखळल्याशिवाय आले.

आता दोघीही मास्तरांकडे पाहू लागल्या. कात्री फिरली की कापड परत जोडता येत नाही, असे त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकांना बजावले होते. आज गिऱ्हाईक ते स्वतःच. त्यांनी बायकोकडे पाहिले. बोलण्याच्या श्रमाने तिच्या कपाळावर घाम आला होता, आणि चेहरा असा, जसा आजारपणानंतर त्यांनी पाहिलाच नव्हता: स्वतःचे म्हणणे स्वतः पुरे केलेल्या माणसाचा. मास्तरांनी अटींचा कागद घडी घालून बाईंच्या टोपलीत टाकला आणि मंजुरीच्या कागदावर सही केली. कागद पुढे सरकवला. तो जरा तिरका पडला म्हणून लगेच सरळ केला.

आता दर बुधवारी काकू त्या मुलांपुढे खुर्चीत बसतात. मास्तरांना फाटकापर्यंतच मुभा आहे. समोरच्या बसथांब्यावर ते ताटकळत असतात, आणि वर्ग सुटला की पांढऱ्या कोटांचा लोंढा बाहेर पडतो. यांतली कोण? ती धावत सुटलेली? की ही, डबा विसरून परत फिरलेली? देव कोणत्या रूपात येईल हे ठाऊक नसले की भक्ताला साऱ्यांनाच हात जोडावे लागतात. मास्तरांचे तसेच झाले आहे. कुणी थांब्यावर उन्हात उभी दिसली की ते बाकावर सरकून जागा करतात. कुणी खोकली तर दिवसभर ते मनात घोळवतात.

परवा बसमध्ये बसल्या बसल्या त्यांना राहवले नाही.

“ती चष्म्याची पोर आज उदास दिसली. तीच ना?”

“मला... माहीत नाही. विचारलंच... नाही.”

“मग ती उंच?”

काकूंनी पिशवी मांडीवर नीट घेतली. मास्तर वाट पाहत होते. आताशा त्यांना ते थोडे जमते.

“मुलगीच... कशावरून?”

बस सुटली होती. मास्तरांनी घाईघाईने काच पुसली आणि मान वळवून ते मागे राहिलेल्या पोरांचे चेहरे पाहू लागले.