उल्हासने सही केली त्याची गोष्ट

आमच्या उल्हासला वाद घालायची भारी हौस. नवरा आहे माझा, पण आम्ही पुण्यात एकाच कंपनीत शेजारी शेजारी बसायचो, तेव्हापासून अरे-तुरेच आहे. तिथेही हा चहाच्या मशीनपाशी उभा राहून कुणाशी तरी निवडणुकांवर नाहीतर मराठी शाळांवर तावातावाने बोलत असायचा आणि चहा गार व्हायचा. मला तेव्हा ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू!

जर्मनीत आलो, झिंडेलफिंगेनला घर घेतलं. हा गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो. माणूस इतका सरळ की बघणाऱ्यालाच वैताग यावा. रविवारी काचेच्या बाटल्या टाकायच्या नाहीत, हा इथला नियम. तर शनिवारी संध्याकाळी मी पाहुण्यांत बसलेली असताना हा मला बाटल्यांची आठवण करणार. आमची केरवोखे आली, म्हणजे इमारतीचा जिना झाडायची पाळी आली, की ह्याचा झाडू सकाळी सात वाजताच जिन्यात. मी म्हणायचे, "अरे, जर्मनांनासुद्धा लाज वाटेल अशाने." तर म्हणायचा, "नियम आहे ना? मग झालं."

अशा माणसाने एक मराठी साइट काढली. नाव ठेवलं 'ओसरी'. लोकांनी यावं, लिहावं, भांडावं. ओसरी दिली की माणसं हातपाय पसरतात, हे ह्याला नाव ठेवतानाच कळायला हवं होतं, पण नाही. बोस्टनपासून नाशिकपर्यंतचे लोक यायचे आणि सगळे टोपणनावाने. कुणी 'बोरूबहाद्दर', कुणी 'खडाष्टक', एक बाई होत्या 'चुलीतलं लाकूड' नावाने लिहायच्या आणि खरंच धूर काढायच्या. २००४ च्या निवडणुकीत तर नुसता शिमगा चालला होता. उल्हास ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी कॉम्प्युटर सुरू. त्याचा एकच कायदा होता, "शिवी उडवीन, मत उडवणार नाही." ज्या मताने ह्याचं डोकं फिरायचं तेही तो राहू द्यायचा आणि मग खाली स्वतः पानभर उत्तर लिहायचा. मजेत होता हो तेव्हा. जेवताना आमच्या लेकीला, अन्वीला, आणि मला सगळं वाचून दाखवायचा आणि अन्वीला निम्मं कळायचं नाही तरी ती हसायची.

आता इथला कायदा असा की साइट काढणाऱ्याने खाली आपलं खरं नाव आणि राहता पत्ता लिहायचा. मित्रांनी सांगितलं, अरे, कुणी बघत नाही, काहीतरी टाक. पण उल्हास तो उल्हास. त्याने नाव, रस्ता, घरनंबर, फोन सगळं टाकलं. एवढ्या मोठ्या ओसरीवर खऱ्या नावाने बसलेला हा एकटाच.

२००६ च्या वसंतात ओसरीवर एका मुलीने लिहिलं. आखनला शिकायला आलेली, खरं नाव ईप्सिता, ते आम्हाला नंतर कळलं. तिने काही आरडाओरडा केला नव्हता. सरळ लिहिलं होतं की हरीश नावाचे एक गृहस्थ फ्रँकफर्टहून कंपनी चालवतात, महाराष्ट्रातल्या मुलांना इथे शिकायला पाठवतात. मला विद्यापीठात प्रवेश पक्का आहे म्हणाले. इथे आल्यावर कळलं, प्रवेश फक्त जर्मन भाषेच्या वर्गाला आहे. खोली ठरवली आहे म्हणाले. त्या पत्त्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. एवढंच. खाली आणखी तिघांनी लिहिलं, आमचंही असंच झालं. मग नेहमीप्रमाणे चोर, भामटा असली भाषा आली, ती उल्हासने उडवली. मुलीचं लिहिलेलं ठेवलं.

हरीश काही परका नव्हता. त्या भागातल्या मराठी लोकांत त्याचं वजन. गणपतीला हॉल कोण ठरवणार, हरीश. नव्या माणसाला घर कोण बघून देणार, हरीश. आम्हालाही आल्या आल्या त्याने कुकरची रिंग मिळवून दिली होती. म्हणून त्याच्या वकिलाचं रजिस्टर पत्र आलं तेव्हा मला आधी खरंच वाटेना. ह्याला इथे आबमानुंग म्हणतात, आपल्याकडची वकिलाची नोटीस. साइट तुमची, तेव्हा तिच्यावरच्या मजकुराला जबाबदार तुम्ही. मजकूर काढा आणि सोबतच्या हमीपत्रावर सही करा, की ही गोष्ट ह्या शब्दांत किंवा दुसऱ्या कुठल्याही शब्दांत मी पुन्हा कधीही पसरवणार नाही, पसरवू देणार नाही. मोडलं तर दर वेळी दंड. सही नाही केली तर कोर्ट.

उल्हास चवताळला. "अरे, खरं आहे ते! खऱ्याला काय भ्यायचंय?" असं म्हणून त्याने ईप्सिताला फोन लावला. ती म्हणाली, "काका, माझं नाव द्या त्यांना. माझ्याकडे त्यांच्या सगळ्या मेल आहेत. मी उभी राहीन." बिचारी तेव्हा मैत्रिणींच्या स्वयंपाकघरात गादी टाकून झोपत होती, व्हिसाचं काय होणार ठाऊक नाही, आणि म्हणे उभी राहीन. उल्हासने तिला मध्येच थांबवलं. म्हणाला, "तुझं नाव मी देणार नाही आणि तू लिहिलेलं काढणार नाही. शब्द देतो तुला." मी तिथेच उभी होते. मला माझ्या नवऱ्याचा फार अभिमान वाटला. आम्ही ब्योब्लिंगेनच्या एका वकीलबाईंनाही भेटलो. त्यांनी मेल वाचल्या आणि म्हणाल्या, लढा, हे टिकेल, फक्त कशावरही सही करू नका.

आणि मग हरीशचा फोन आला. आवाज अगदी साखर. "अरे उल्हास, आपली माणसं आपण. आपली धुणी जर्मनांसमोर कशाला धुवायची? आई आलीय माझी कराडहून. शनिवारी जेवायलाच या, वहिनींना घेऊन. बसू, बोलू, मिटवू."

मी म्हटलं, "जायचं नाही."

"अगं, जेवायला बोलावलंय. नाही कसं म्हणायचं?"

आता हे तुम्हीच सांगा, ज्याने वकिलाची नोटीस पाठवलीय त्याच्या घरी जेवायला कोण जातं? जर्मन माणूस जाईल? पण आपल्यात जातात. आपल्यात भांडणं अशीच मिटतात, कुणाच्या तरी घरी, ताटावर बसून, झालं गेलं गंगेला मिळालं म्हणत. उल्हासला वाटलं, तेच चाललंय. त्याला वाटलं, हरीश मुलीची माफी मागेल आणि तिला कुठेतरी प्रवेश मिळवून देईल.

शनिवारी गेलो फ्रँकफर्टला. जेवण होत आलं तरी विषय निघाला नाही. हरीशच्या आई गरम गरम थालीपिठं लावत होत्या. गुडघे दुखत होते त्यांचे, तरी प्रत्येक थालीपीठ स्वतः आणून वाढत होत्या. "माझा हरीश एकटा आहे हो इथे. तुम्हीच त्याचे भाऊ," असं म्हणत त्यांनी उल्हासच्या पाठीवरून हात फिरवला. त्या माउलीला काय ठाऊक! मग चहाबरोबर हरीशने कागद आणला. तोच कागद. "काही नाही रे, वकिलाला फाइल बंद करायला लागतो. फॉर्म्यालिटी. सही कर, विषय संपला, मग मुलीचं काय ते मी बघतो."

उल्हासने वाचलं. अगदी सावकाश वाचलं. जर्मन त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं, तेव्हा कळलं नाही म्हणायची सोय नाही. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला, चांगला जोरात. त्याने एकदा हरीशच्या आईंकडे पाहिलं. त्या त्याच्या ताटलीत लोण्याचा गोळा ठेवत होत्या. आणि ह्याने सही केली.

भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही उगाच नाही. हायडेलबर्गपर्यंत गाडीत मी तोंड उघडलं नाही. मग मात्र सुटले. "तुला वाचता येत नव्हतं? वकीलबाई काय बोंबलून सांगत होत्या? त्या पोरीला शब्द दिलास ना रे?"

"त्या समोर बसल्या होत्या गं. त्यांच्या हातचं खाल्लं होतं आपण."

"मग? खाल्ल्या मिठाला जागलास? त्या पोरीने काय खाल्लंय तुझं?"

घरी आल्यावर कपडेसुद्धा न बदलता त्याने ईप्सिताचं लिहिलेलं काढून टाकलं. खालची तिघांची उत्तरंही काढली. हरीशने पुढे मुलीचं काय बघितलं? काही नाही. ते मला ताटावरच कळलं होतं.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. उल्हास शेजारीच बसला होता, पण मान हलवून नाही म्हणाला. मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "आहे गं घरात, पण त्याला बोलवत नाहीये." मग "बरं, काकू," म्हणाली आणि ठेवला तिने. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ओसरीवर मात्र शिव्यांचा पाऊस. विकला गेला, शेपूट घातलं, हरीशचा भाट. सगळं ह्याच्या खऱ्या नावाने. ह्याने त्यातली एकही उडवली नाही. स्वतःवरच्या शिव्यांना त्याचा कायदा लागू नव्हता बहुतेक. पण लोकांना वाट सापडली. ज्याला काही खुपलं तो उल्हासला मेल टाकायला लागला, काढा, नाहीतर वकिलाकडे जातो. आणि हा काढायचा. आधी विचार करून काढायचा, मग न वाचता काढायला लागला. दिवाळीपर्यंत ओसरीवर पाककृती आणि शुभेच्छा उरल्या. चकलीच्या भाजणीवर कोण खटला भरणार! 'चुलीतलं लाकूड' बाईंनी जाताना एका ओळीत लिहिलं की इथे आता श्वास घेता येत नाही. तेही त्याने तसंच राहू दिलं.

घरात तो गप्प झाला. रुसून नव्हे, रुसलेलं माणूस मला चालतं, त्याला मनवता येतं. हा नुसता असायचा. बातम्या लागल्या की बघायचा, संपल्या की उठायचा. मी मुद्दाम वाद उकरून काढायची, पुण्यातल्या उड्डाणपुलांवर काहीतरी अचाट बोलायची, जे ऐकून पूर्वी त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. तर म्हणायचा, "असेल." अन्वीने मला एकदा जर्मनमध्ये विचारलं, पापा आजारी आहे का? मी म्हटलं, नाही गं, दमलाय. हळूहळू मीही बोलायची थांबले. राग संपतो हो, माझ्यासारखीचासुद्धा संपतो. मग आत काहीच नसतं. भांडी घासायची, अन्वीचे डबे भरायचे, पाळी आली की जिना झाडायचा.

फेब्रुवारीत एका शनिवारी दुपारी पुण्याहून उर्जाचा फोन आला. उर्जा म्हणजे उल्हासच्या मोठ्या बहिणीची मुलगी, नुकतीच इंजिनिअर झालेली, मामावर फार जीव. स्पीकर सुरू होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"मामा, मी पण येणार जर्मनीला! आई सोमवारी पैसे भरतेय. तो प्लॉट विकला ना, त्यातले. हरीश सरांची कंपनी आहे. ते म्हणाले, तुझे मामा मला चांगले ओळखतात, आमच्या घरी जेवून गेलेत, विचार त्यांना. म्हणून विचारतेय. चांगली आहे ना?"

उल्हासने स्पीकरचा आवाज कमी केला.

"मामा? ऐकू येतंय ना?"

"मला त्याबद्दल काही सांगता येत नाही, बाळा."

मी हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर आले. त्याला खुणेने म्हटलं, सांग. अरे सांग! घरची मुलगी आहे. त्याने स्पीकरवर हात ठेवला आणि मला हळू आवाजात म्हणाला, "सही केलीय मी. कुठल्याही शब्दांत नाही, असं लिहिलंय त्यात."

तिकडे उर्जा खदखदा हसत होती. "मामा, तुम्हाला आणि काही सांगता येत नाही! म्हणजे वाईट तरी नाही ना? वाईट असती तर तुम्ही गप्प बसला असता होय? सगळ्या खानदानाला फोन करून सांगितलं असतं. चला, आईला सांगते, मामांची काही हरकत नाही."

उल्हास तोंड उघडून बसला होता.

मी त्याच्या हातातून फोन घेतला. सही त्याने केली होती, मी नाही. म्हटलं, "उर्जा, हसणं बंद कर आणि नीट ऐक. पैसे भरायचे नाहीत. आईला आत्ताच्या आत्ता बोलाव." आणि वन्संनी फोन घेतल्यावर आखनच्या मुलीचं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, थालीपिठांसकट. त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, साधना, उल्हास का गं बोलला नाही? मी म्हटलं, त्याच्याने होत नाही.

फोन ठेवला. मला वाटलं, निदान आता तरी म्हणेल, बरं केलंस. वळून पाहिलं तर खोलीत नव्हता. मी बोलत असताना उठून त्याने बाल्कनीचं दार लावलं होतं, मग स्वयंपाकघराची खिडकी, मग न्हाणीघराची. आता जिन्याकडच्या दाराला कान लावून उभा होता. आमच्या इमारतीत मराठीचा एक शब्द कळणारं आमच्याशिवाय कोणी नाही.