शिकाऊ बोटं

समोरच्या खिडकीपाशी उभी राहून ती मुलगी स्वतःच्याच हातावर बोट फिरवत शीर शोधते आहे. दाबते, सोडते, पुन्हा दाबते. नुकतंच नर्सिंग संपवून ती आमच्या वॉर्डात हाताखाली शिकायला आली आहे. सकाळी मोठ्या सिस्टर तिला माझ्या खाटेशी घेऊन आल्या. "काका, आज सलाईन ही लावेल. मी आहे इथंच." मी हात पांघरुणात ओढून घेतला. "नको, तुम्हीच लावा." तिनं ट्रे त्यांच्यापुढे धरला.

सिस्टरांनी सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही. वर मी त्यांच्या हाताचं कौतुक केलं, तेही हिच्यादेखत.

आता तिच्याकडे बघवत नाही. सिस्टरांचा हात असा हलका झाला तो कुणाच्या तरी हातावर चुकतमाकतच ना? ती माणसं दात आवळून "लाव गं, घाबरू नकोस" म्हणाली असतील. त्यांनी सोसलेलं मी आयतं घेतलं आणि माझी पाळी येताच पांघरूण ओढलं. मला सगळे तयार हात हवेत. ते तयार व्हायला माझा हात तेवढा नको.

तेवढ्यात सुईपाशी ठणकायला लागलं. हात सुजला होता. मी तिला हाक मारली. तिनं सलाईन बंद केलं, सुई अलगद काढली, कापूस दाबून धरला. मी दुसरा हात पुढे केला. "आता तूच लाव."

"नको काका," ती हसून म्हणाली, "सिस्टरना बोलावते. तुम्हाला दुखायला नको."