माइक माझ्याकडे होता

आमच्या सेनगाव भागात कुणाचं लग्न असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, नाहीतर एखाद्या गुरुजीचा सेवापूर्तीचा कार्यक्रम असो, सूत्रसंचालनाला मीच. मी हायस्कूलवर मराठी शिकवतो, पण मास्तर म्हणून मला ओळखणाऱ्यांपेक्षा माइकवाला म्हणून ओळखणारे जास्त. माझ्याकडे प्रत्येक प्रसंगाची चारोळी तयार असते. पाहुणा उशिरा आला तर एक, पाहुणा आलाच नाही तर एक, आणि स्वयंपाक व्हायला वेळ असेल तर लोकांना खुर्चीवर धरून ठेवायला आख्खी कविता. बायको म्हणते, "तुमच्या हातातला माइक काढून घेतला तं तुमी चार दिवसांत वाळून जाल." मी हे आजवर कौतुक समजत आलो.

एक दिवस शाळा सुटताना शहरातून एक पोरगी मला शोधत आली. पाठीवर तिच्यापेक्षा मोठी बॅग. म्हणाली, आम्ही मानवी हक्कांवरचे माहितीपट घेऊन तालुक्या-तालुक्यात फिरतोय, महोत्सव आहे, सगळा मोफत आहे, इथलं मंगल कार्यालय एका दिवसासाठी मिळेल का? शेवटी म्हणाली, "सगळ्यांनी तुमचंच नाव सांगितलं, सर." झालं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मंगल कार्यालयच काय, तिनं मागितलं असतं तर मी राहतं घर मोकळं करून दिलं असतं.

"फक्त एक विनंती आहे," ती म्हणाली. "सत्कार नकोत आणि भाषणं नकोत. सिनेमा दाखवायचा, आणि मग लोकांनी बोलायचं."

"बिलकुल," मी म्हणालो. "मी फक्त दोन शब्द बोलीन."

घरी येऊन बायकोला हे सांगितलं तेव्हा ती सुपात तूर पाखडत होती. तिचा हात थांबला. "दोन शब्द," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "त्या बिचारीला तुमचे दोन शब्द म्हंजी काय असते, ठाऊकच न्हाई वाटते."

मी जवळच्याच गोरेगावच्या बाजारापासून प्रचाराला लागलो. आमच्याकडे फुकट सिनेमा दाखवतात ते बियाणंवाले आणि औषधवाले. आधी पडदा लावतात, मग पिशव्या काढतात. त्यामुळं मोफत म्हटलं की लोक दोन पावलं मागं सरायचे. "फुकट म्हंजी? नंतर काय इकणार?" एकानं विचारलं, "सोयाबीन पिवळं पडून राहिलं, त्याच्यावर हाये का काही सिनेमा?" मानवी हक्क म्हटल्यावर दुसऱ्याचे डोळे चमकले. गाडीवर लावायची पाटी मिळते का आणि तिच्यानं टोलनाक्यावर काम होतं का, हे त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं. मी दोघांनाही नाही म्हणालो नाही. या म्हणालो.

तो दिवस उजाडला. मंगल कार्यालयाच्या खिडक्या अंधार करायला बंद करायच्या होत्या, तर हळद वाळवायच्या ताडपत्र्या आणून बांधल्या. आत सगळीकडे हळदीचा वास. एखाद्या नवरदेवाला इथंच हळद लावून ठेवलीय असं वाटत होतं. पडदा बांधणं चालू होतं तेव्हा दारात एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची असावी. सोबत तिच्या बंजारा तांड्यावरच्या आणखी तीन-चार बायका, सगळ्या जीपनं आलेल्या.

"गुरुजी, माझा मालक हाये म्हणते सिनेमात."

मला काही कळेना. मग त्या पोरीनं सांगितलं. दुसरा सिनेमा ऊसतोडीवर होता, कारखान्याच्या बाजूला तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, असतात तिथं काढलेला. त्यात हिचा नवरा बोलतो. सिनेमा झाला आणि पुढच्या हिवाळ्यात तो गेला, छातीत दुखल्याचं निमित्त होऊन. पोरीनंच तांड्यावर फोन करून हिला बोलावलं होतं. आता बाई तोडीला जात नव्हती. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटीला कोण नेणार?

"फोटो हाये घरी," ती म्हणाली. "भिंतीवर लावलाय, हार बी घातलाय. पर फोटो बोलत न्हाई ना गुरुजी. आमचा बटनाचा फोन, त्याच्यात त्याचं काहीच न्हाई. आता तं कसा बोलत होता ते आठवायला बी तकलीफ होते. ही पोरगी म्हणली, सिनेमात बोलते त्यो. म्हणलं, तेवढं आयकून यावं."

मला खरंच वाईट वाटलं. त्यात काही नाटक नव्हतं. "आयका ताई, बराबर आयका," मी म्हणालो, आणि तिला न् तिच्यासोबतच्या बायकांना पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सोफ्यावर नेऊन बसवलं. पांढरी खोळ घातलेला सोफा, थेट पडद्यासमोर. बसवून झाल्यावर मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. म्हटलं, वा! मानवी हक्क असे सोफ्यापासून सुरू झाले पाहिजेत.

मग मी दोन शब्द बोललो. पोरगी आधी घड्याळाकडं, मग माझ्याकडं, मग छताकडं पाहत होती. सत्कार नको म्हणाली होती, म्हणून मी शाली आणल्या नव्हत्या. नुसती गुलाबाची फुलं वाटली. आणि समारोपाला खास ह्या दिवसासाठी पहाटे उठून रचलेली चारोळी म्हटली:

"ज्यांचा आवाज दबून गेला
त्यांचा आवाज होऊ आपण,
काळोखाच्या वाटेवरती
एक पणती ठेवू आपण."

टाळ्या पडल्या. आमच्याकडे पडतातच.

पहिला सिनेमा कुठल्याशा लांबच्या देशातला होता. भाषा परकी, खाली मराठीत अक्षरं. थोड्या वेळानं मागच्या बायकांमध्ये चुळबूळ सुरू झाली. "खाली काय लिवून राहिले ओ? आमाला वाचता न्हाई येत." मी पोरीकडं पाहिलं. ती म्हणाली, "वाचा ना सर, बरंच होईल." आता मला दुसरं काय हवं होतं? मी माइक घेतला. सुरुवातीला सरळ वाचलं. मग रंग चढला. म्हाताऱ्याचं बोलणं मी खर्जात केलं, पोलिसाचं गरजून. त्यातली एक मुलगी रडली तेव्हा मीही माइकवर हलकासा हुंदका दिला. सिनेमा संपला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या कुणासाठी, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही.

लगेच दुसरा सिनेमा लागला. ह्या वेळी वाचा म्हणून मला कुणीच म्हटलं नव्हतं, पण माइक माझ्याकडेच होता.

पडद्यावर पाचटाची कोपी दिसली, दारात चुलीचा धूर, आणि पोत्यावर बसलेला एक हडकुळा माणूस. सोफ्यावरची बाई पुढं सरकून अगदी काठावर आली. माणूस त्यांच्या गोरमाटी बोलीत बोलायला लागला, खाली मराठी अक्षरं उमटली, आणि मी सुरू झालो. "आम्ही अंधारात फडात उतरतो! अंधारातच परत येतो!" असा काही आवाज लावला त्याला, की खिडक्यांवरच्या ताडपत्र्या थरथरल्या असतील. सोफ्यावरच्या बायकांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, भारावल्या. मी आणखी वरची पट्टी धरली.

मग त्याचं बोलणं संपलं. पण चित्र त्याच्यावरच राहिलं. त्यानं मान बाजूला वळवली आणि चित्राबाहेरच्या कुणाला तरी काहीतरी म्हणाला. खाली अक्षरं आलीच नाहीत. सिनेमावाल्यांना ते कामाचं वाटलं नसावं. आता इतकी वर्षं सूत्रसंचालन केलेल्या माणसासमोर अशी रिकामी जागा आली की त्याची जीभ टाळ्याला लागत नाही. मी ती जागा भरून काढली. "मित्रहो! पहा, ह्या कष्टकऱ्याच्या डोळ्यांत केवढी वेदना दाटलीय! ज्यांचा आवाज दबून गेला, त्यांचा..."

"ओ गुरुजी!"

बाई उभी राहिली होती. तिची सावली पडद्यावर पडली. "तुमी काहून बोलून राहिले मधीमधी? जरा गप बसा ना! मी त्याला आयकायला आले, तुमाला न्हाई!"

मग मागं कुणीतरी फिसकन हसलं, आणि ते माझ्याच वर्गातलं पोरगं असणार हे मी आवाजावरून ओळखलं. माझे कान तापले. खरं सांगतो, आधी मला रागच आला. म्हटलं, घ्या! सोफ्यावर बसवलं ते मी, घसा फोडून वाचलं ते मी, आणि वर मलाच गप बसा? मागच्या बायकांना मग कोण वाचून दाखवणार? एवढं सगळं माझ्या मनात होऊन गेलं तोवर पडद्यावर दुसराच माणूस येऊन बोलत होता.

बाई अजून उभीच होती. तिनं पोरीला विचारलं, "त्याचं झालं?"

"हो मावशी. त्यांचं एवढंच आहे."

"मला काहीच आयकू आलं न्हाई," बाई म्हणाली. ती ओरडली नाही आता. सगळी एस्टी भरून डोळ्यांसमोरून निघून जावी आणि माणूस फलाटावर पिशवी धरून उभा राहावा, तशी ती उभी होती. माझी सगळी मस्ती पायाशी येऊन पडली. एवढं सांगून, जीपला लटकून ती ज्याच्यासाठी आली होती, ते मी तिच्या डोळ्यांदेखत खाऊन टाकलं होतं. आणि तेही चारोळीसकट.

"पोरी, मागं घे," मी म्हणालो. "परत लाव." ती आधीच ते करत होती. तिनं फक्त माझ्या हातातल्या माइककडं पाहिलं. मी बटण बंद केलं आणि माइक मांडीखाली दाबून बसलो, कारण माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

आणि नेमकं तेव्हाच दारावरची ताडपत्री सरली. पोरीला न सांगता मी एक उद्योग केला होता: आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याला गुपचूप बोलावलं होतं आणि तुमची एंट्री जोरात करतो असा शब्दही दिला होता. ते आले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, मागं पाच-सात कार्यकर्ते. आले आणि दारातच थांबले. आमच्याकडे मोठा माणूस नाव पुकारल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मांडीखालचा माइक मला निखाऱ्यासारखा लागायला लागला. पाहुण्याच्या आगमनाची चारोळी तर पार ओठांवर येऊन उभी होती. पण पडद्यावर कोपी दिसत होती आणि बाई पुन्हा सोफ्याच्या काठावर आली होती.

मी बसल्या जागेवरून हात जोडले, मग तोंडावर बोट ठेवलं, आणि मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीकडं इशारा केला. साहेबांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी असं गप केलं असावं. ते चक्क बसले.

मग मी त्या माणसाचा आवाज ऐकला. मी लावला होता तसा मुळीच नव्हता. घोगरा, सावकाश, मधून मधून खोकत. खाली अक्षरं तीच होती, अंधारात जातो, अंधारात येतो, पण तो ते हसत हसत सांगत होता, दुसऱ्याच कुणाची गंमत सांगावी तसा. वेदना-बिदना मी माझ्या घरून आणली होती. मागच्या बायकाही वाचून दाखवा म्हणाल्या नाहीत. मग त्यानं मान वळवली, काहीतरी विचारलं, आणि तिथंच सिनेमावाल्यांनी कापलं होतं.

सोफ्यावरून बाईनं त्याला उत्तर दिलं. मोठ्यानं, त्यांच्या बोलीत, जराशी वैतागून, चुलीपुढून न उठता घरातल्या माणसाला द्यावं तसं. तिच्या सोबतच्या बायका खळखळून हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावले.

साहेब मधेच उठून गेले. त्यानंतर त्यांनी मला एकाही कार्यक्रमाला बोलावलेलं नाही, आणि ह्या महोत्सवातली तीच गोष्ट माझ्या बायकोला सगळ्यात जास्त आवडली.

तांड्याची जीप सुटायच्या वेळेला मी बाहेर गेलो. माफी मागायची होती, पण बिनमाइकचं मला काही सुचेना. तीच म्हणाली, "आयकलं गुरुजी. बराबर तसाच बोलत होता. तुमचा आवाज बी चांगला हाये, पर लई हाये."

"शेवटी त्यांनी काय विचारलं तुमाला?"

"मला तंबाकूची पिशवी इचारत होता. कुठं ठिवली म्हणून." ती हसली. "उशाखाली हाये म्हणलं. रोज इचारायचा, अन् रोज तिथंच असायची."

ड्रायव्हरनं जीप चालू केली. तिनं एक पाय आत टाकला आणि माझ्याकडं वळली.

"अजून बी तिथंच हाये," ती म्हणाली.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. ते मिटलं, आणि जीप वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभा राहिलो.