घोंगडीवाल्याचा दुसरा डोळा

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आई-वडिलांच्या पाठोपाठ एकच नाव तोंडात येतं... नरसय्याअण्णा. सोलापुरातल्या टॉकीजांवर लागणारी सिनेमाची कापडी बॅनरं रंगवणारे पेंटर. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीचा, पद्माचा, फोन आला. "दादा, अण्णा गेले," एवढंच म्हणाली. मग सांगायला लागली, "सकाळी चहा पीत खिडकीत बसले होते. समोरच्या जाहिरातीतल्या माणसाकडं बघून म्हणाले, ह्याचे डोळे चुकलेत की. तेवढंच शेवटचं बोलले." मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. अण्णा दुसरं काय बोलणार होते?

मी मोहोळजवळच्या खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात बी. ए. करायला आलो, तेव्हा माझ्याकडं पत्र्याची एक ट्रंक आणि बरं अक्षर, एवढाच ऐवज होता. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचा फलक मी रंगवला होता. रस्त्यानं जाणाऱ्या एका माणसानं सायकल थांबवली आणि विचारलं, "अक्षर कुणाचं बे हे?" मी घाबरतच माझं म्हणालो. "उभ्या रेघेला एवढा कशाला भितोस? ये घरी, शिकवतो." तेच अण्णा. मी गेलो, आणि तीन वर्षं तिथंच राहिलो. पुढच्या खोलीत रंगाचे डबे, मागच्या खोलीत माझी पुस्तकं. मी बॅनरवरची अक्षरं काढायचो, अण्णा चेहरे काढायचे. अण्णा घरात तेलुगू बोलत, माझ्याशी मराठी आणि रंगाशी दोन्ही. त्यांची बायको लक्ष्मीअक्का मला पहिल्या दिवसापासून घरच्यासारखी वाढायची आणि घरच्यासारखीच रागवायची.

त्या काळात एक हिंदी सिनेमा आला होता. नाव सांगत नाही, माझ्या वयाच्या सोलापूरकरांना ते ओळखू येईल. त्यात एक दरोडेखोर होता. अंगावर काळी घोंगडी, बोलणं जवळजवळ नाहीच. पहिल्या खेपेला तो सिनेमा आला तसा गेला. पण लोक घोंगडीवाल्याला विसरेनात. यंत्रमागावरची पोरं खांद्यावर चादर टाकून त्याच्यासारखी चालायला लागली, सलूनमध्ये आरशाशेजारी त्याचं चित्र लागलं. सिनेमा दुसऱ्यांदा लागला तेव्हा तो पडद्यावर दिसला की पब्लिक चिल्लर उधळायचं. तिसऱ्यांदा लागणार असं ठरलं, तेव्हा अण्णांनी टॉकीजच्या मॅनेजरना सांगून टाकलं, "हिरो-हिरॉईन राहू द्या कोपऱ्यात. ह्या वेळी तीन मजले घोंगडीवाला." मॅनेजर तयार झाले, पण बजावून. मोठ्या शहरांतून छापील पोस्टरं यायला लागली होती. "पेंटर, पब्लिक घाबरलं पाहिजे. हसलं, तर पुढच्या सिनेमापासून मी छापीलच मागवतो," असं त्यांनी तोंडावर सांगितलं. अण्णांना दुसरं काही येत नव्हतं. घरचा हातमाग त्यांनी लहानपणीच सोडला होता.

एवढं मोठं बॅनर आमच्या बोळात अखंड कधीच दिसायचं नाही. कापडाचे पट्टे वेगवेगळे रंगवायचे आणि टॉकीजवरच जोडायचे. सगळ्यात अवघड काम डोळ्यांचं. आपल्यासमोर ठेवून रंगवलेला चेहरा आपल्याकडं नीट बघतो, पण तोच तीन मजले वर गेला की लोकांच्या डोक्यावरून पलीकडं बघायला लागतो. म्हणून डोळ्यांतल्या बाहुल्या मुद्दाम खाली सरकवायच्या. किती खाली, ते मापानं कळत नाही. त्यासाठी अण्णांची एक रीत होती. डोळ्यांचा पट्टा माडीच्या गॅलरीतून खाली सोडायचे आणि मला बोळात उभं करायचे. वरून विचारायचे, "बघतोय का?" मी "न्हाय अजून" म्हटलं की पट्टा वर ओढायचे, ब्रश फिरवायचे, पुन्हा सोडायचे. मी "बघतोय!" म्हटल्याशिवाय ते बॅनर घराबाहेर पडायचं नाही.

घोंगडीवाल्याच्या वेळी माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती. अण्णांनी माझ्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं होतं. "शिवाला कुणी हाक मारायची न्हाय," असा घरात हुकूम. त्यामुळं डोळे बघायला बोळात अक्का उभी राहिली. आणि अक्काला त्या दरोडेखोराची मनापासून भीती! पट्टा खाली आला तशी तिनं पदर तोंडावर घेतला आणि वर न बघताच म्हणाली, "बघतोय, बघतोय! गुंडाळा आता त्याला!" अण्णांनी गुंडाळला.

शुक्रवारी सकाळी टॉकीजच्या माणसांनी बॅनर वर चढवलं. माझा इतिहासाचा शेवटचा पेपर अकराला होता. जाता जाता बघून जाऊ म्हणून मी सायकल तिकडं वळवली. टॉकीजसमोर गर्दी होती आणि गर्दी हसत होती. घोंगडीवाला तीन मजले उंच उभा होता, आणि टक लावून आभाळाकडं बघत होता. "काय बे, पावसाची वाट बघतोय का?" कुणीतरी ओरडलं. "पतंग कटला वाटतं त्याचा!" दुसरा म्हणाला. मॅनेजर दारात उभे होते. त्यांनी अण्णांकडं बघितलं आणि मग हातातल्या घड्याळाकडं. बाराचा खेळ होता.

अण्णा काळ्या-पांढऱ्या रंगाच्या वाट्या ठेवलेला डबा आणि ब्रश घेऊन परांचीच्या तळाशी उभे होते. वर बघत होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. तरुणपणी ते परांचीवरून पडले होते, तेव्हापासून एक पाय ओढत चालायचे आणि दोन बांबूंच्या वर कधी चढायचे नाहीत. टॉकीजवरची उंचावरची रंगाची कामं मी करायचो. मी सायकल भिंतीला लावली आणि डब्याला हात घातला.

"सोड," अण्णा म्हणाले.

"अण्णा, मी पटकन दोन्ही डोळे—"

"तुझा पेपर हाय."

"पेपर पुढच्या वर्षी देता येईल."

ते एकदम भडकले. तीन वर्षांत पहिल्यांदाच. "पुढच्या वर्षी? तुझा बाप तिकडं गावाला सांगत फिरतोय, पोरगं ग्रॅज्युएट होणार म्हणून. त्याला मी काय सांगू? डोळ्यासाठी थांबला म्हणून?" असं म्हणून त्यांनी डब्याची कडी दातात धरली आणि बांबूला मिठी मारली.

मी खाली उभा राहिलो. माणूस एवढा हळू चढताना मी पुन्हा कधी पाहिला नाही. प्रत्येक आडव्या बांबूवर ते थांबायचे, डोळे मिटायचे, ओठ हलायचे. गर्दीचं हसणं बंद झालं होतं. घोंगडीवाल्याच्या नाकापाशी पोचल्यावर त्यांनी एक हात बांबूत अडकवला आणि दुसऱ्या हातानं जुनी बाहुली पांढऱ्यानं झाकली. मग काळा. मान वळवून खाली बघायची त्यांची हिंमत नव्हती. कापडाकडं तोंड करूनच ओरडले, "बघतोय का?"

"न्हाय! अजून खाली!"

ब्रश हलला. "आता?"

...आणि त्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. अंगावर काटा आला. "बघतोय!" मी ओरडलो. मघाशी पतंगावरून थट्टा करणारा शेजारचा माणूस एक पाऊल मागं सरकला.

"मग तू जा आता," वरून आवाज आला. "दुसरा ह्याच्याच मापानं करतो. जा बे!"

मी गेलो. पोचलो तेव्हा कॉलेजची घंटा होत होती. पेपरात काय लिहिलं ते मला आजही नीट आठवत नाही. कागदावर मान घातली की परांची डोळ्यांसमोर हलायची. आत्ता सुटला असेल का हात... आत्ता उतरले असतील का... शेवटचा प्रश्न संपवून मी धावतच बाहेर पडलो आणि सायकल दामटली. चौकात वळलो आणि ब्रेक दाबला. घोंगडीवाला दोन्ही डोळ्यांनी सरळ माझ्याकडं बघत होता. टॉकीज भरलेली होती, आतून शिट्ट्या आणि चिल्लर उधळल्याचा खणखणाट ऐकू येत होता. परांचीखाली मात्र कुणी नव्हतं. मी वर बघितलं. अण्णा अजून वरच होते. दोन्ही हात बांबूला आवळलेले, कपाळ कापडाला टेकलेलं.

टॉकीजचा शिपाई म्हणाला, "पेंटर वाळवत बसलेत रंग. मघाशी दोरीनं चहा पाठवला, तो बी घेतला न्हाय."

मी चढलो. घामानं त्यांचा शर्ट अंगाला चिकटला होता. "वाळायला पाहिजे की," ते पुटपुटले. मी म्हणालो, "व्हय अण्णा, वाळलाय आता." त्यांच्या खाली राहून मी त्यांचा दुखरा पाय हातात धरला, एका बांबूवर ठेवला, मग दुसरा. उतरताना ते एवढंच बोलले, "पेपर?" "चांगला गेला." जमिनीला पाय लागले तसे ते तिथंच, टॉकीजच्या पायरीवर बसले. वर बघायचं त्राण नव्हतं. मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, "बघतोय का?"

छापील पोस्टरं पुढं आली ती आलीच, पण त्या टॉकीजवर अण्णांचं कापड आणखी बरीच वर्षं लागत राहिलं.

अण्णांचे दिवस झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. माडीवर ती गॅलरी तशीच आहे. कठड्याला पट्टा सोडायच्या दोरीच्या खाचा पडल्यात, त्यांत जुना काळा रंग मुरलाय. मी बोळात उतरून थोडा वेळ उगाच वर बघत उभा राहिलो. निघताना पद्मानं माझं एक पत्र हातात ठेवलं. गॅलरीच्या दाराशी खिळ्याला अडकवलेलं असायचं, म्हणाली. नोकरी लागल्यावर मी कुर्डुवाडीहून पाठवलेलं. त्यावर अण्णांचा रंगाचा अंगठा उमटलाय.

"ती. नरसय्याअण्णा यांस शिवाचा शिरसाष्टांग नमस्कार.

निकाल लागला. मी पास झालो. वडिलांनी गावात पेढे वाटले आणि पहिला तुमच्या नावानं बाजूला काढून ठेवला. तो अक्कांकडं पोचता करीन.

इथल्या हायस्कुलात मला इतिहास मिळाला आहे. पहिल्या दिवशी फळ्यापाशी उभा राहिलो. मी मुलांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडं बघून बोलत होतो. मग तुमची आठवण झाली. नजर खाली घेतली, शेवटच्या बाकावरच्या पोराकडं बघितलं, आणि ते पोर सावरून बसलं.

एक विनंती आहे. तुम्ही वर चढू नका. डोळे तपासायला अक्कांना बोळात उभं करू नका, त्या बघत नाहीत. पट्टा तयार झाला की कार्ड टाका. रविवारी गाडीनं येतो आणि खाली उभा राहतो.

आपला,
शिवा."