जोळाच्या बांधावरची जपानी गाडी

काळूराम म्हात्रे रिटायर झाला तेव्हा गावाला वाटलं, आता हा ओटीवर बसून तंबाखू मळणार आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अक्कल शिकवणार. तीस वर्षं बंदरातून कंटेनरचा चाळीस फुटी ट्रेलर ओढलेला गडी. कंबरेची मात्र पार वाट लागलेली. डॉक्टर म्हणाला, पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही, घरी बसा. अहो, बसा काय बसा! जन्मभर स्टेअरिंगमागे बसलेल्या माणसाला रिकामं बसायला सांगणं म्हणजे शिक्षाच की.

तर तो एक दिवस किहीमला एका बंगल्याच्या वाडीत नारळ आणायला गेला आणि येताना टेम्पोवर एक गाडी लादून घेऊन आला. जपानी मिनी ट्रक. कुठल्याशा कारखान्याच्या उभारणीसाठी आवारात फिरवायला जपानहून आलेला, पुढे लिलावात बंगलेवाल्याने घेतलेला, आणि मग तीन पावसाळे माडाखाली कुजलेला. अंगाने एवढासा, रुंदीला पाच फुटांना दोन बोटं कमी. इंजिन सीटखाली. पत्र्याला गंज, टायरांत उंदीर. त्यावर कडी म्हणजे गाडीला नंबर नाही, त्यामुळे रस्त्यावर न्यायची सोय नाही.

"रस्त्याव चालवाची न्हाय, मंग चालवणार कुठं? खाडीत?" सत्यवती म्हणाली. सत्यवती काळूरामची बायको. तिची जीभ कोयत्यासारखी, पण दुसऱ्या कुणी काळूरामला बोललं तर तोच कोयता त्या माणसावर फिरायचा.

"आपल्या शेतात चालवीन," काळूराम म्हणाला.

"शेत साडेतीन गुंठं. पैला गेर टाकस्तोवर संपल!"

काळूराम गाडीभोवती एक फेरी मारून आला. त्याच्या मनात वेगळंच सलत होतं, आणि ते काय ते समजायला आमचा खारेपाट समजायला हवा. इथे एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भात, आणि मध्ये मातीचा बांध. पूर्वजांनी हातांनी घातलेला. त्याची राखण करतो जोळ. जोळ म्हणजे बांधामागच्या सगळ्या शेतकऱ्यांची जूट. भरतीने बांधाला भगदाड पडलं, खांड पडली, की घरटी एक माणूस फावडं घेऊन हजर झालाच पाहिजे. आणि काळूरामच्या घरचा माणूस तीस वर्षांत कधीच हजर नव्हता. खांड पडायची तेव्हा हा नेमका कुठल्यातरी हायवेवर. बदली मजूर पाठवायचा, पण बदलीला कोण विचारतो? जोळाचे म्होरके दत्तात्रेयदादा, सत्तरी उलटलेले, चारचौघांत म्हणायचे, "काळूरामाचा बांधाशी काय संबंध? त्याचा भात आमी राखतो." आता वेळ होता तर कंबर गेलेली. काळूरामला ते जिव्हारी लागायचं, खरंच जिव्हारी.

म्हणून त्याने गाडी हाती घेतली. आधी सीट वर करून इंजिन उघडं केलं. आत चिकटवलेल्या सगळ्या चिठ्ठ्या जपानी. मुलगी कल्पिता अलिबागला सरकारी दवाखान्यात नर्स, ती सुट्टीला आली की मोबाइलचा कॅमेरा त्या चिठ्ठ्यांवर धरून वाचून दाखवायची. टायमिंग बेल्ट मिळेना. काळूरामने जुना बेल्ट खिशात घालून अलिबाग पालथं घातलं, दात मोजून मोजून दुकानदारांना वैताग आणला, आणि शेवटी एका देशी व्हॅनचा बेल्ट तंतोतंत बसला. त्या दिवशी स्वारी घरी आली ती मिशीत हसतच. मग ब्रेकचे अडकलेले सिलिंडर सोडवले, चाकांच्या आतले फाटके रबर बदलले, खोल नक्षीचे टायर चढवले. हवेचा फिल्टर खाली होता, त्याला प्लंबरचा पाइप लावून तोंड थेट टपापर्यंत नेलं, म्हणजे पाणी चढलं तरी इंजिन खारं पाणी ओढणार नाही. कंबर वाकत नव्हती, म्हणून गाडीच तीन फूट उंच ओट्यावर चढवून तो बाजूला उभ्याने चाकांचं आणि ब्रेकचं काम करायचा. आहे की नाही डोकं!

पण शहाण्याचीही शेंडी कुठेतरी अडकतेच. दारांच्या खाली, हौद्याच्या कडेला बारीक बारीक भोकं होती. खारेपाटातल्या माणसाला भोक दिसलं की त्याचा हात आपोआप बुजवायला जातो. पाणी आत येता कामा नये, हे आम्हाला आईच्या दुधातून मिळतं. काळूरामने एकूण एक भोक डांबराने गच्च केलं आणि छाती फुगवून सांगितलं, "आता खाऱ्या वाऱ्याचा बाप आला तरी आत शिरणार न्हाय."

सहा महिन्यांनी कल्पिताने दार आपटलं तर आत डबक डबक वाजलं. काचेच्या फटीतून शिरलेलं पावसाचं पाणी दारात साठलेलं, आणि पत्रा आतून पापडासारखा झालेला.

"बाबा, ही भोकं पाणी बाहेर जायला होती."

सत्यवतीने कपाळाला हात लावला. "आवो, आपल्या बांधाला उघाडी कशाला ठेवतात? पावसाचं पानी भायेर सोडाया ना? मंग गाडीनं काय घोडं मारलं व्हतं?"

काळूराम दुसऱ्या दिवशी पत्र्याचा तुकडा घेऊन आला. तिसऱ्या दिवशी डांबर खरवडलं, सडलेला पत्रा कापून नवा जोडला आणि प्रत्येक भोक तारेने मोकळं केलं. दर रविवारी गोड्या पाण्याने गाडीचं पोट धुवायचं आणि वापरलेलं तेल फडक्याने चोळायचं, हा नेम तेव्हापासून लागला. गाव हसायचं, काळूराम देव धुतल्यासारखी गाडी धुतो म्हणायचं.

आणि भाद्रपदात, सर्वपित्रीच्या दोन दिवस आधी, बांधाला खांड पडली.

दुपारची भरती ओसरल्यावर कळलं. भगदाड बैलगाडी जाईल एवढं. भात पोटरीत आलेलं. आवसेचं उधाण त्यातून शिरलं की एवढं पीक तर गेलंच, पण जमीन खारावून पुढची तीन वर्षंही गेली. जवळची माती भरतीने पातळ झालेली, हातात धरेना. मुरूम हवा, दगड हवा, आणि तो होता रस्ता संपतो तिथे, खांडीपासून पाऊण मैलावर. मुरूम आणलेला डंपर तिथेच थांबला. ट्रॅक्टर बांधावर चढेना, बांधाचा माथा जेमतेम सहा फूट. तरणी पोरं कंपनीच्या ड्युटीवर. जोळाला जमलेले बावीसजण, निम्मे म्हातारे, बाकी बाया. डोक्यावर गोणी घेऊन निसरड्या बांधावरून त्यांनी जायचं कसं आणि खांड बुजवायची कधी?

दत्तात्रेयदादा डोकं धरून बसले होते. तेवढ्यात शेतातून टुरटुर आवाज आला.

"काळूराम, मस्करीची येळ न्हाय!" दादा ओरडले.

"दादा, धा गोण्या भरा," काळूराम म्हणाला. "आन् बाजूला व्हा."

"बांधाव वळवशील कुठं?"

"वळवाची न्हाय. रिव्हर्स नेणार."

 एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातातलं पाणी, दोन्हीकडे अर्धा-अर्धा फूट, आणि हा पाऊण मैल उलटा जाणार! पण अहो, तीस वर्षं चाळीस फुटी ट्रेलर उलटा लावलेला माणूस तो. कंबर वळत नव्हती, तरी दोन आरसे पुरे होते. त्याने टायरांतली अर्धी हवा सोडली, चारी चाकांचा जोर जोडला, आणि गाडी मागे घेतली.

सत्यवती साडीचा काष्टा मारून हौद्याकडे तोंड करून उलटी चालत राहिली. "डावीकडं... आवो डावीकडं! हां. येवंद्या, येवंद्या..." एका ठिकाणी बांध खचून वरून पाणी वाहत होतं. चाकं निम्मी बुडाली. मागचं चाक सरकलं, काठाची माती धप्पकन खाडीत पडली.  काळूरामने ना ब्रेक मारला ना घाई केली. टपावरच्या पाइपातून इंजिन श्वास घेत राहिलं, पुढच्या चाकांनी चिखल धरला, आणि गाडी रांगत पलीकडे निघाली. त्याच्या पाठीतून कळ गेली, तीही त्याला नंतर आठवली.

खांडीपाशी हौद्याची फळी पडली तेव्हा बाया ओरडल्या, "आली रे आली!"

त्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून सांजेपर्यंत फेऱ्या चालल्या. भरती आली की थांबायचं, ओसरली की पुन्हा. काळूराम जाताना उलटा, येताना सुलटा. फेरीला दहा गोण्या, अकरावी कुणी टाकली तर तो खाली उतरवायला लावायचा, बांधाला झेपत नाही म्हणून. एकेचाळीस फेऱ्या झाल्या. खांडीत आधी दगड, मग मुरूम, वर पेंढा, वर चिकणमाती, आणि तिच्यावर बावीस माणसांचे पाय.

आवसेच्या दुपारी सगळं गाव बांधावर उभं. घराघरांत पितरांची पानं वाढून ठेवलेली, पण जेवायला कुणी बसेना. पाणी चढत आलं. नव्या मातीला लागलं. वीत वर चढलं, आणखी वीत. माथ्याच्या चार बोटं खाली येऊन थांबलं, तिथेच डुचमळत राहिलं, आणि मग कडेला ओली रेघ सोडून हळूहळू उतरायला लागलं. माती हलली नाही. आत भात जसंच्या तसं डोलत होतं.

काय तो गलका झाला म्हणता! बायांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. खांड बुजली की जोळाचा नारळ फुटतो, आणि तो फोडायचा मान बांध राखणाऱ्याचा. चाळीस वर्षं तो दत्तात्रेयदादांनीच फोडला होता. दादांनी नारळ उचलला, पाण्यात बुडवला, आणि सगळ्यांसमोर काळूरामच्या हातात दिला.

"फोड. या खेपी तुजा भात आमी न्हाय राखला. आमचा तू राखलास."

 काळूराम नारळ घेऊन बांधावरच्या दगडापाशी गेला. कंबर वाकेना. सत्यवतीने एका बाजूने धरलं, दुसऱ्या बाजूने दादांनी. तसाच, दोघांच्या आधाराने वाकून, त्याने एका फटक्यात नारळ फोडला आणि पाणी बांधाच्या ओल्या मातीवर सांडलं.